“डोन’ट”, “इट’स”, “वोन’ट”: इंग्रजीतील आखूड रूपांमागचा नियम

दहा-बारा वर्षे शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, कार्यालयातील पत्र समजते, अर्जही लिहिता येतो; मात्र तोच माणूस इंग्रजी मालिका पाहू लागला किंवा परदेशी ग्राहकाचा फोन घेऊ लागला की वाक्यावाक्याला अडखळतो. शब्द अवघड असतात म्हणून असे होत नाही. “आय वुड हॅव गॉन” हे वाक्य कागदावर पाहिले तर त्यात न समजण्यासारखे काहीच नाही, पण कानावर पडते ते “आय’ड’व्ह गॉन”, आणि ओळखीची दोन क्रियापदे डोळ्यासमोरून निसटल्यासारखी निघून जातात. दुसरीकडे ईमेल लिहिताना “डू नॉट” लिहावे की “डोन’ट”, हा प्रश्न पडतो; “इट्स” या शब्दात अपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही, यावर तर चांगले शिकलेले लोकही थबकतात.

बहुतेकांना ही रूपे म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांची मनमानी वाटते, आणि म्हणून ती एकेक करून पाठ केली जातात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे बऱ्यापैकी काटेकोर नियम आहेत आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम स्पेलिंगचा नसून उच्चारातील जोराचा आहे. तो आपल्या शाळांत क्वचितच सांगितला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तो कळला की पाठांतराचा निम्मा भार उतरतो. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये जिथे अपॉस्ट्रॉफी येते तिथे ती देवनागरीतही दाखवली आहे.

मुळात घडते काय?

शेजारी-शेजारी आलेल्या दोन शब्दांपैकी कमी महत्त्वाच्या शब्दाचे काही ध्वनी गळून तो दुसऱ्या शब्दाला चिकटतो, तेव्हा तयार होणाऱ्या रूपाला इंग्रजी व्याकरणात ‘काँट्रॅक्शन’ म्हणतात. शाळेत आपण त्याला ‘शॉर्ट फॉर्म’ म्हणतो. या लेखात त्याला आखूड रूप म्हणू. ‘डॉ.’ किंवा ‘श्री.’ यांसारख्या लघुरूपांशी त्याची गल्लत करू नये. ‘डॉ.’ हे फक्त कागदावर आखूड असते, वाचताना आपण पूर्ण ‘डॉक्टर’च म्हणतो. “डोन’ट” मात्र आधी तोंडात आखूड झाले आणि लिखाणाने नंतर त्याचे अनुकरण केले.

असे आखूड होणारे शब्द थोडेच आहेत. “ॲम”, “इज”, “आर”, “हॅव”, “हॅज”, “हॅड”, “विल” आणि “वुड” ही क्रियापदे आपल्या आधीच्या शब्दाला चिकटतात: “आय’म”, “शी’ज”, “वी’र”, “दे’व्ह”, “यू’ल”, “ही’ड”. “नॉट” हा शब्द सहायक क्रियापदाला, म्हणजे मुख्य क्रियापदाला काळ किंवा शक्यता दाखवण्यासाठी मदत करणाऱ्या क्रियापदाला, चिकटतो: “इजन’ट”, “डझन’ट”, “कुडन’ट”. “लेट’स” हे “लेट अस”चे रूप आहे, आणि घड्याळाची वेळ सांगताना येणाऱ्या “ओ’क्लॉक”मध्ये “ऑफ द क्लॉक” दडलेले आहे. यादी जवळजवळ इथे संपते. “वॉज” आणि “वेअर” या भूतकाळी क्रियापदांची गणना पहिल्या गटात होत नाही, त्यामुळे “ही’ज” याचा अर्थ “ही वॉज” असा कधीच होत नाही. वाचताना काळ ओळखण्यासाठी ही एवढीशी गोष्ट फार उपयोगी पडते.

मराठी बोलणाऱ्याला हा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही. “मी जेवतो आहे” याचे आपण “मी जेवतोय” करतो, “तो आला आहे” याचे “तो आलाय”, “काम केले आहे” याचे “काम केलंय”. वाक्यातील बातमी ‘जेवणे’ किंवा ‘येणे’ यांत असते. ‘आहे’ फक्त काळाची खूण करते, म्हणून बोलण्याच्या ओघात तेच आक्रसते. इंग्रजीतही आक्रसतात ती अशीच हलकी, खुणेपुरती क्रियापदे. फरक एवढाच की मराठीत ‘आहे’ वाक्याच्या शेवटी असल्यामुळे ते आपल्या मुख्य क्रियापदाला बिलगते, तर इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्यानंतर लगेच येत असल्यामुळे ते कर्त्याला बिलगते. हा फरक पुढे एका नेहमीच्या चुकीचे मूळ ठरतो.

अपॉस्ट्रॉफी कोठे द्यायची, याचेही उत्तर वरच्या व्याख्येतच आहे. हे चिन्ह दोन शब्द जोडल्याची खूण नसून अक्षर गळल्याची खूण आहे. “नॉट” आखूड होताना त्यातील ‘ओ’ जातो, म्हणून चिन्ह ‘एन’ आणि ‘टी’ यांच्या मध्ये येते. पुष्कळ लोक, आणि काही वेळा छापील फलकही, हे चिन्ह ‘एन’च्या आधी देतात, कारण त्यांना ती “डझ” आणि “नॉट” यांच्यातील शिवण वाटते. शिवणीपाशी काहीही गळलेले नसते.

“येस, आय’म” का चुकते?

“आर यू कमिंग?” या प्रश्नाला “येस, आय ॲम” हेच उत्तर बरोबर आहे, “येस, आय’म” असे कोणताही इंग्रजीभाषक म्हणत नाही. “नो, आय’म नॉट” मात्र बिनदिक्कत चालते. “आय’म कमिंग” चालते. “आय नो व्हेअर ही इज” चालते, “आय नो व्हेअर ही’ज” चालत नाही. पण त्याच्यापुढे एक शब्द वाढवून “आय नो व्हेअर ही’ज गोइंग” म्हटले की पुन्हा चालते. पुस्तकात हे अपवाद म्हणून दिलेले असतात, तेही दिलेले असले तर.

मराठीत प्रत्येक अक्षराला बोलताना साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत तसे नसते. तिथे महत्त्वाच्या शब्दांची जोराची अक्षरे ठळक आणि लांब उच्चारली जातात, आणि त्यांच्यामध्ये येणारे बिनजोराचे शब्द दाबून, पटकन उरकले जातात. जलद लोकल जशी मधल्या छोट्या स्थानकांवर न थांबता पुढच्या मोठ्या स्थानकाकडे धावते, तसा इंग्रजी बोलणाऱ्याचा आवाज “ॲम”, “इज”, “हॅव” यांवरून निसटून पुढच्या वजनदार शब्दाकडे जातो. पण गाडीचे शेवटचे स्थानकच छोटे असेल तर तिला तिथे थांबावेच लागते. “येस, आय ॲम” मध्ये “ॲम”च्या पुढे काहीच उरलेले नाही. “कमिंग” हा शब्द प्रश्नात येऊन गेल्यामुळे उत्तरातून गाळला गेला आहे आणि त्याचा भार “ॲम”वर आला आहे. ज्या क्रियापदावर आवाज थांबतो ते क्रियापद आक्रसू शकत नाही.

याच कारणाने “शी’ज टॉलर दॅन आय ॲम” या वाक्यात पहिले क्रियापद आखूड होते आणि शेवटचे होत नाही. “नो, आय’म नॉट” मध्ये “ॲम”च्या पुढे “नॉट” उभा आहे आणि जोर तो घेतो, म्हणून “ॲम” निर्धास्तपणे आक्रसते. “यू आर नॉट टेलिंग द ट्रूथ” असे कोणी म्हटले आणि त्याला प्रतिवाद करायचा असला, तर माणूस “आय ॲम टेलिंग द ट्रूथ” असे “ॲम”वर ठासून म्हणतो. तिथे पुढे शब्द असूनही आखूड रूप येत नाही, कारण मुद्दाच “ॲम” हा आहे. म्हणजे पाठ करायचा नियम एकच आहे: जोर असेल तिथे पूर्ण रूप, जोर नसेल तिथे आखूड रूप शक्य.

आपली चूक होते ती मराठीच्या सवयीमुळे. “येतोयस ना?” या प्रश्नाला “हो, येतोय” हे उत्तर आपल्याकडे सहज चालते, कारण ‘येतो’ हा भारदस्त शब्द उत्तरातही हजर असतो आणि ‘आहे’ त्याला टेकून उभे राहते. इंग्रजी उत्तरातून मुख्य क्रियापदच गायब होते आणि टेकायला पुढे कोणी उरत नाही. हीच गोष्ट “नो, आय डोन’ट” या उत्तराला मात्र लागू होत नाही. तिथे आखूड रूप वाक्याच्या शेवटी येऊनही बरोबर ठरते. याचे कारण “नॉट”ची जात वेगळी आहे.

“नॉट”ची गोष्ट निराळी का?

अरनॉल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात एक लेख लिहून असे दाखवले की “नॉट”चे आखूड रूप हे आता चिकटलेला स्वतंत्र शब्द राहिलेले नाही. ते क्रियापदाचा प्रत्ययच बनले आहे. त्यांचे पुरावे कोणालाही तपासून पाहता येतील असे आहेत. “इज” किंवा “हॅज” यांचे आखूड रूप आधी येईल त्या शब्दाला चिकटते, मग तो सर्वनाम असो, नाम असो की वाक्यातील आणखी कोणताही शब्द असो. “नॉट”चे आखूड रूप मात्र सहायक क्रियापदे सोडून कोणालाच चिकटत नाही. प्रश्न करताना “इजन’ट” हा अख्खा तुकडा कर्त्याच्या आधी जातो: “इजन’ट ही कमिंग?” हेच पूर्ण रूपात सांगायचे तर “इज ही नॉट कमिंग?” असे “नॉट”ला मागे ठेवावे लागते, “इज नॉट ही कमिंग?” ही रचना आजच्या इंग्रजीत बसत नाही. म्हणजे “इजन’ट” हे “इज नॉट”चे नुसते भरभर उच्चारलेले रूप असते तर दोन्ही ठिकाणी शब्दांचा क्रम सारखा राहिला असता.

तिसरा पुरावा अनियमित रूपांचा. नुसते ध्वनी गळले असते तर “विल नॉट”चे “विलन’ट” व्हायला हवे होते, पण झाले “वोन’ट”. मध्ययुगीन इंग्रजीत “विल”चे “वोल” असेही एक रूप प्रचारात होते. ते पुढे स्वतंत्रपणे वापरातून गेले, पण नकारार्थी जोडीत टिकून राहिले. “डू” आणि “डोन’ट” यांचे स्वर वेगळे आहेत. “शॅल नॉट”चे “शान’ट” होताना ‘एल’ही गळाला; पूर्वी काही लेखक गळलेल्या प्रत्येक जागेची नोंद म्हणून त्यात दोन अपॉस्ट्रॉफी देत असत.

काही जागा रिकाम्याही आहेत. “ॲम नॉट”चे “ॲमन’ट” हे रूप स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ऐकू येते, पण प्रमाण इंग्रजीत नाही. म्हणून “आय’म लेट” या वाक्याला जोडायचा छोटा प्रश्न “आरन’ट आय?” असा होतो. “आय” पुढे “आर” येत नाही, असे पहिलीपासून शिकलेल्या मुलाला हे विचित्र वाटणे साहजिक आहे. पण ती जागा भरण्यासाठी भाषेने दुसऱ्याचे रूप उसने घेतले आहे. त्या जागेवर “एन’ट” या रूपाचाही दावा होता. ते बोलण्यात व्यापक आहे, परंतु शिष्टसंमत नाही, आणि परीक्षेत किंवा कार्यालयीन लेखनात ते वापरू नये.

मराठीत याचे अगदी जवळचे भावंड आहे. ‘होता’च्या नकारासाठी आपण ‘नव्हता’ म्हणतो, ‘असतो’साठी ‘नसतो’ म्हणतो. ‘नव्हता’मध्ये नकार आणि क्रियापद असे मिसळून गेले आहेत की वापरणाऱ्याला त्यात दोन तुकडे जाणवतही नाहीत. “वोन’ट”कडे तसेच पाहावे. ते “विल नॉट” फोडून समजून घेण्यापेक्षा एक स्वतंत्र नकारार्थी क्रियापद म्हणून लक्षात ठेवणे सोपे जाते, आणि मुलांना शिकवतानाही हाच मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

ऐकताना होकार की नकार?

व्यवहारात सर्वांत महाग पडणारी गफलत “कॅन” आणि “कॅन’ट” यांची आहे. ब्रिटिश उच्चारात अडचण कमी येते, कारण तिथे नकारार्थी रूप दीर्घ ‘आ’ने “कान’ट” असे उच्चारले जाते. अमेरिकी उच्चारात दोन्हीकडे ‘ॲ’च असतो, आणि बोलण्याच्या ओघात शेवटचा ‘ट’ स्पष्ट फुटत नाही. जीभ ‘ट’च्या जागी जाते आणि तिथेच थांबते. मग फोनवर ऐकणाऱ्याने ओळखायचे कशावरून?

उत्तर पुन्हा जोरात आहे. होकारार्थी “कॅन” हे बिनजोराचे असल्यामुळे त्यातील स्वर आक्रसतो आणि ते “कन” किंवा जवळजवळ “क्न” असे ऐकू येते: “आय क्न कम टुमॉरो”. नकारार्थी रूपावर मात्र जोर असतो, त्यामुळे त्यातील ‘ॲ’ पूर्ण आणि लांब ऐकू येतो: “आय कॅऽन’ट कम टुमॉरो”. म्हणजे ‘ट’ शोधत बसण्यापेक्षा स्वराकडे कान द्यावा. स्वर ठळक ऐकू आला तर नकाराची शक्यता जास्त, स्वर पुसट असेल तर होकार.

याची दुसरी बाजू आपल्या बोलण्याला लागू होते आणि ती अधिक गंभीर आहे. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो. “आय कॅन डिलिव्हर बाय फ्रायडे” असे “कॅन”चा स्वर ठळक ठेवून आपण म्हणतो, आणि अमेरिकी ग्राहकाला ते “शुक्रवारपर्यंत देता येणार नाही” असे ऐकू येऊ शकते. स्पष्टपणा यावा म्हणून केलेला पूर्ण उच्चारच इथे अर्थ उलटा करतो. तारीख, पैसे, औषधाची मात्रा यांविषयी बोलताना “आय’ल बी एबल टू” आणि “आय वोन’ट बी एबल टू” अशी रचना वापरणे सुरक्षित, कारण “विल” आणि “वोन’ट” यांचे स्वरच वेगळे आहेत.

एकच चिन्ह, अनेक अर्थ

“इज”, “हॅज” आणि मालकी दाखवणारा प्रत्यय या तिन्हींसाठी लिखाणात अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ एवढेच येते. “रवी’ज कमिंग” म्हणजे रवी येतो आहे, “रवी’ज गॉन” म्हणजे बहुतेक वेळा रवी गेला आहे, आणि “रवी’ज बॅग” म्हणजे रवीची पिशवी. पुढचा शब्द पाहिला की उलगडा होतो: पुढे ‘आयएनजी’चे रूप किंवा विशेषण असेल तर “इज”, क्रियापदाचे तिसरे रूप असेल तर बहुधा “हॅज”, आणि नुसती वस्तू असेल तर मालकी. अपॉस्ट्रॉफी आणि ‘डी’ असेल तर पुढे क्रियापदाचे पहिले रूप आल्यास “वुड” आणि तिसरे आल्यास “हॅड” समजावे. “आय’ड गो” म्हणजे मी जाईन किंवा गेलो असतो, “आय’ड गॉन” म्हणजे मी गेलो होतो. “पुट” किंवा “कट” यांसारख्या, तिन्ही रूपे सारखी असणाऱ्या क्रियापदांच्या बाबतीत मागचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय निर्णय करता येत नाही. “यू’ड बेटर गो” हा या नियमाला छेद देणारा वाक्प्रचार आहे. तिथे “गो” पहिले रूप असूनही मागे “हॅड” आहे.

आता “इट्स”. “इट इज” किंवा “इट हॅज” यांचे आखूड रूप असेल तर अपॉस्ट्रॉफी द्यायची. ‘त्याचा, तिचा’ अशी निर्जीव वस्तूची किंवा प्राण्याची मालकी सांगायची असेल तर द्यायची नाही. गोंधळ होतो तो “रवी’ज बॅग” मध्ये मालकीला अपॉस्ट्रॉफी असते म्हणून. पण ती नामांना असते. “हिज”, “हर”, “अवर”, “देअर” या सर्वनामांना मालकीसाठी कधीच अपॉस्ट्रॉफी नसते आणि “इट्स” त्यांच्याच रांगेत बसते. शंका आली की त्या जागी “इट इज” घालून वाक्य वाचावे. “द कंपनी चेंज्ड इट इज नेम” हे निरर्थक होते, म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी नको. “हूज” या शब्दाची दोन स्पेलिंगे आणि “यू’र” व “युअर” ही जोडी याच चाचणीने सुटते.

या बाबतीत चुकणाऱ्याने स्वतःला फार दोष देऊ नये. मालकीचे “इट्स” हे रूपच इंग्रजीत उशिरा, साधारण 1600 च्या सुमारास रुळू लागले. 1611 मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलच्या मूळ प्रतीत ते नव्हते. पुढे सतराव्या आणि अठराव्या शतकात अनेक सुशिक्षित इंग्रज लेखक ते अपॉस्ट्रॉफी देऊनच लिहीत. आजचा भेद नंतर पक्का झाला. तो आज पाळलाच पाहिजे, कारण अर्जातील ही चूक वाचणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच खुपते. पण तो बुद्धीचा नव्हे, संकेताचा भाग आहे.

भारतात हमखास दिसणारी आणखी एक लकब म्हणजे “आय’व्ह अ डाउट” आणि “आय’व्ह टू गो”. “हॅव” सहायक असेल तेव्हाच ते आखूड करण्याची आजची रीत आहे, जसे “आय’व्ह फिनिश्ड”. ‘जवळ असणे’ किंवा ‘करावे लागणे’ या अर्थाने “हॅव” स्वतःच वजनदार असते, म्हणून “आय हॅव अ डाउट”, “आय हॅव टू गो”. जुन्या ब्रिटिश वळणाच्या लेखनात “आय’व्ह अ” दिसते, तिथून ते आपल्याकडे आले असावे. याउलट “कुड’व्ह” ऐवजी “कुड ऑफ” लिहिण्याची चूक प्रामुख्याने जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांकडून होते, कारण त्यांनी ते रूप आधी कानाने घेतलेले असते आणि दोन्हींचा उच्चार सारखा असतो. पुस्तकातून शिकलेला मराठी माणूस इथे सहसा चुकत नाही.

हा भाषेचा आळस नाही का?

हा आक्षेप जुना आहे आणि तो इंग्रजांनीच घेतलेला आहे. जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने 1711 मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात अशा रूपांबद्दल नाराजी व्यक्त केली होती आणि उदाहरणे म्हणून “मेन’ट”, “कान’ट”, “शान’ट” व “वोन’ट” ही चार रूपे दिली होती. तीनशे वर्षांनंतर त्या चौघांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. “मेन’ट” जवळजवळ नाहीसे झाले, “शान’ट” मुख्यतः ब्रिटिश बोलण्यापुरते उरले आणि तेही कमी होत गेले, तर “कान’ट” आणि “वोन’ट” यांच्याशिवाय आज दैनंदिन इंग्रजी बोलताच येत नाही. त्या काळी “इट इज”चे सर्रास प्रचलित आखूड रूप “’टिज” असे होते. “इट”मधला स्वर गाळण्याऐवजी “इज”मधला गाळणारे “इट’स” त्याला मागे सारून पुढे आले. कोणते रूप टिकावे हे टीकाकारांनी ठरवलेले नाही, तसे ते शाळांनीही ठरवलेले नाही.

शिवाय, आळसाला नियम नसतात. आळसच असता तर “येस, आय’म” हे सर्वांत आधी रूढ झाले असते. जिथे अर्थ वाक्यातील दुसरा शब्द वाहतो आहे तिथेच आखड आणि जिथे क्रियापदावर अर्थाचा भार आहे तिथे पूर्ण राहा, एवढा विवेक जी रचना करते तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. ‘करतोय’, ‘आलाय’ या रूपांनाही आपल्याकडे कधीकधी अशुद्ध म्हटले जाते. ती अशुद्ध नाहीत, ती बोलण्यातली आहेत, आणि दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

मग लिहिताना काय करावे?

मराठीत आपण जिल्हाधिकाऱ्यांना ‘मी अर्ज करतोय’ असे लिहीत नाही, ‘मी अर्ज करीत आहे’ असे लिहितो. मैत्रिणीला मात्र ‘मी अर्ज करीत आहे’ असे कळवले तर ती काही बिनसले का असे विचारील. इंग्रजीतही हाच विवेक पुरतो. अर्ज, करारनामा, न्यायालयीन कागद, शोधनिबंध आणि शाळेच्या परीक्षेतील औपचारिक पत्र यांत पूर्ण रूपे वापरावीत. सहकाऱ्याला पाठवलेली ईमेल, वृत्तपत्रातील लेख, संवाद आणि भाषण यांत आखूड रूपे स्वाभाविक वाटतात. परीक्षेतील ‘क्वेश्चन टॅग’ जोडण्याचा प्रश्न हा याला ठळक अपवाद आहे, तिथे “इजन’ट ही?” हे आखूड रूपच अपेक्षित असते, कारण ती रचनाच बोलण्यातील आहे. “गॉना” आणि “वॉना” ही “गोइंग टू” व “वाँट टू” यांची बोलीतील रूपे संवाद सोडून इतरत्र लिहू नयेत, आणि लिहिली तरी त्यांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही.

पूर्ण रूप म्हणजे अधिक नम्र रूप, हा समज मात्र सोडायला हवा. “आय डू नॉट ॲग्री” हे वाक्य आपण आदराने लिहितो, पण इंग्रजीभाषकाच्या कानात “नॉट” सुटा राहिला की त्याच्यावर जोर पडतो आणि वाक्य “मला हे मुळीच मान्य नाही” असे कडक वाजते. आपल्या अनेक ईमेल विनाकारण रागीट वाटतात त्यामागे हे एक कारण आहे. रोजच्या पत्रव्यवहारात “आय डोन’ट थिंक” लिहिल्याने अपमान होत नाही, उलट सूर मऊ होतो.

वाचणाऱ्याची अडचण हा आणखी एक निकष आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखन-मार्गदर्शिका साध्या भाषेचा आग्रह धरते आणि “यू’ल” सारखी आखूड रूपे वापरायला सांगते. परंतु “कान’ट” आणि “डोन’ट” ही नकारार्थी रूपे टाळा, असेही तीच सांगते, कारण अनेक वाचकांना ती वाचायला जड जातात किंवा त्यांचा उलटा अर्थ घेतला जातो. शेवटचे दोन वर्ण आणि एक बारीक टिंब नजरेतून सुटले की “करू नका”चे “करा” होते. जिथे इंग्रजी ही वाचणाऱ्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, तिथे हा धोका वाढतो. म्हणून सोसायटीच्या लिफ्टमधील सूचना, कारखान्यातील यंत्रावरचा फलक, दवाखान्यात रुग्णाच्या हाती दिला जाणारा कागद असे काही इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली तर “डू नॉट” पूर्ण लिहावे, शक्य असल्यास “नॉट” ठळक अक्षरांत घ्यावा, आणि त्याच्याखाली तीच सूचना मराठीत द्यावी.